दोन बोटं जागा

आमच्या तांड्यातली चक्की मी चालवायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं त्याचं खापर कोणी माझ्या नवऱ्यावर फोडणार नाही. तो बिचारा शेताचा माणूस. हँडल मारून इंजन चालू करायचं, पट्टा चढवायचा, दाणे टाकायचे, सगळं माझ्याकडं. लाइनचा तेव्हा काही भरवसा नव्हता. आली तर आली, नाहीतर दिवस दिवस नाही. म्हणून डिझेलचं इंजन, आणि त्याच्या जिवावर आजूबाजूच्या चार वस्त्यांचं पीठ.

इंजनाच्या खोलीला मागून कूड होता. कूड म्हणजे तुरीच्या काड्या उभ्या-आडव्या बांधून दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिपलेली भिंत. हा मागचा कूड लांबलचक आणि एकच, शेजारच्या खोलीलाही तोच. इंजनाच्या धुराचा लोखंडी पाइप त्याच कुडातून बाहेर काढलेला. पाइप एकीकडं इंजनाला घट्ट आवळलेला, दुसरीकडं कुडात रुतलेला. इंजन थरथरलं की कूड थरथरायचा आणि लिपणाचे पोपडे पडायचे. दर दोन-तीन महिन्यांनी पाइप इंजनाच्या मानेजवळ चिरायचा, मग सगळा धूर खोलीत. माझी चुलत जाऊ मोठ्या तोंडाची बाई. ती दळण न्यायला आली की म्हणायची, "तुह्या चक्कीच्या भाकरीले डिझलची फोडणी असते वं."

नवऱ्यानं एकदा डोकं चालवलं. जीपचा जुना रबरी पाइप आणून मध्ये जोडला, म्हणजे हादरे बसणार नाहीत. हादरे बसले नाहीत हे खरं. अर्ध्या तासात पाइपच वितळून गुळाच्या पाकासारखा खाली आला. तीन दिवस कोणी दळणाला फिरकलं नाही. इंजनातून निघणारा धूर किती तापलेला असतो हे त्या दिवशी आम्हाला कळलं, पण तेवढंच कळलं.

मग दारव्ह्याच्या मिस्त्रीला बोलावलं. हा मुसलमान म्हातारा, बसस्टँडच्या मागं त्याचं दुकान. विहिरींवरची, चक्क्यांची इंजनं हेच त्याचं काम. गावोगाव सगळे त्याला चाचाच म्हणायचे. दुकानावर पाटी नव्हती. एका गावानं दुसऱ्या गावाला सांगायचं, ‘त्याले बलावा, काम पक्कं करते,’ एवढ्यावर त्याचं घर चालायचं.

चाचानं पिशवीतून हातभर लांबीचा एक पाइप काढला. पातळ पोलादाच्या वळ्या-वळ्यांचा, वरून तारेची जाळी विणलेला. हातात धरला की वाकायचा. त्याला तो फ्लेक्सिबल म्हणायचा. हा तुकडा त्यानं इंजन आणि लोखंडी पाइप यांच्या मध्ये बसवला. इंजन चालू केलं, तर इंजन आपलं थरथरतंय आणि पुढचा पाइप शांत. मी हात लावायला गेले तशी त्यानं माझा हात झटकला. "पोळाल, बहन. हादरा थांबला, आग नाही थांबली."

मग त्यानं कुडाचं भोक मोठं केलं. त्यात पत्र्याचं रुंद नळकांडं बसवलं आणि धुराचा पाइप बरोबर त्याच्या मधून नेला. पाइपाच्या चारी बाजूंनी दोन बोटं जागा मोकळी. मला जवळ बोलावून त्यानं त्या फटीत आपली दोन बोटं घालून दाखवली. "हे कूड हाय, विटाची भित नाही. आत काड्या हायेत. इथून हवा खेळली पाहिजे. ही जगा कधी बंद करू नका." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

त्यानंतर वर्षभर पाइप चिरला नाही. पोपडे पडले नाहीत, भाकरीची फोडणी गेली. जावेनंच चार गावांत चाचाचं नाव केलं.

पुढच्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणत सगळ्यांनी कापूस घरातच ठेवला. माणसं ओसरीत आणि कापूस माजघरात अशी गत. जावेचं घर गळकं, म्हणून तिचा सगळा कापूस माझ्या शेजारच्या खोलीत, आढ्यापर्यंत. तिनं तो मोठ्या विश्वासानं ठेवला होता.

होळी आली. आम्हा बंजाऱ्यांची होळी म्हणजे सगळ्यात मोठा सण. पाहुणे येणार, म्हणून घरं लिपायला काढली. आता माझं लिपण तांड्यात नावाजलेलं. शेण, माती, भुसा असा कालवायचा की वाळल्यावर भेग नाही, आणि वर चार बोटांच्या कमानी उठवायच्या, एकीला एक लागून. मागचा कूड लिपता लिपता त्या पाइपापाशी आले. आजूबाजूला सगळं गुळगुळीत आणि मध्ये ती काळी फट. त्यात पाली, त्यात पिठाची जाळी. चाचाचं बोलणं आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण म्हटलं, मातीच तर आहे, माती कुठं जळते? चांगला ओला गोळा घेतला, फट आतपर्यंत ठासून भरली आणि वरून कमानी काढल्या. दोन पावलं मागं सरून पाहिलं, तर काय देखणं दिसत होतं!

पुरणाच्या डाळीसाठी भरडायला हरभरा, पोळ्यांसाठी गहू, सगळ्यांचं दळण एकदम आलं. इंजन तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी जावेच्या कापसातून धूर निघायला लागला.

कापसाची आग भडकत नाही, आत आत पोखरते. वरून पाणी ओता, खाली ती चालूच. आम्ही सगळ्यांनी कवेत धरधरून कापूस बाहेर ओढला. माणसं वाचली, इंजन वाचलं. कापूस निम्मा काळा झाला आणि निम्मा भिजला. धुराच्या वासाचा कापूस कोण घेणार? जाऊ अंगणात त्या ढिगाशेजारी बसून काळ्यातून पांढरा कापूस वेगळा काढत होती.

नाईक आले, म्हणजे आमच्या तांड्याचे प्रमुख. त्यांनी कूड पाहिला. पाइपापासून कापसाच्या खोलीपर्यंत आतल्या काड्या कोळसा झालेल्या. "हा पाइप कोनं बसोला?" त्यांनी विचारलं.

तेव्हा जाऊ बोलली. "त्या दारव्ह्याच्या मिस्त्रीनं. काड्याच्या कुडातून पाइप काढला मेल्यानं. डोये फुटले होते का त्याचे?"

मी तिथंच उभी होते. बोलायची वेळ तीच होती. पण मी तोंडात मूग धरले. लाज वाटली, भीतीही वाटली. जावेचा वर्षाचा कापूस माझ्या हातानं गेला हे माझ्या तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी चाचाला बोलावून आणलं. त्याच्याभोवती माणसं जमली. त्यानं छन्नीनं पाइपाच्या बाजूचं उकरलं, तर मातीची एक भाजलेली कपरी त्याच्या हातात आली, विटेसारखी लाल. तिच्यावर चार बोटांच्या कमानी. त्यानं ती उलटीपालटी केली. एकदा माझ्या हाताकडं पाहिलं. त्यानं ती कपरी खिडकीत ठेवली आणि नाईकांना म्हणाला, "गलती माझी. अजून जास्त जगा सोडाले पाहिजे होती."

जावेनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो खाली मान घालून नळकांडं बसवत राहिला. चहासुद्धा न घेता गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्या घरात झालं आणि मी पाहत बसले. जाऊ जाईल तिथं सांगायची, त्या मिस्त्रीला उभं करू नका. आमच्या चार वस्त्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. पंधरा दिवसांनी दारव्ह्याच्या बाजाराला गेले, तर त्याच्या दुकानापुढं एकही इंजन नव्हतं. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. तो स्टुलावर बसून एकच पाना पुसत होता.

ती कपरी मी ओढणीत बांधून नेली होती. त्याच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "चाचा, फट म्या बुजवली."

"माहीत हाय," तो म्हणाला. "लिपण काय मी करतो का?"

"मंग तवा काहून नाही बोलले?"

"कापूस तुमच्या जावेचा. तिच्यासमोर तुमचं नाव कसं घेऊ? तुमाले तिच्या दाराशी राहाचं हाय, मले थोडंच." त्यानं कपरी माझ्याकडं सरकवली. "पण बहन, हे मले कायले सांगून राह्यल्या? मले त पयलेच माहीत होतं. जिथं मी चोर ठरलो तिथं सांगा."

जीपमध्ये परत येताना मला त्याचा राग आला होता, खरं सांगते. आपण माफी मागायला जावं आणि माणसानं ती घेऊ नये. तांडा जवळ आला तसा राग गेला आणि नुसती भीती उरली.

जाऊ चक्कीतच होती, ज्वारीचं गाठोडं घेऊन, आणखी पाचसहा बायांसोबत. मी इंजन चालू केलं नाही. कपरी काढून तिच्या हातात दिली. "हे बोटं माहे आहेत. चाचानं जागा सोडली होती, म्या ती लिपली. तुहा कापूस म्या जाळला."

तिनं कपरी पाहिली. माझा हात ओढून घेतला आणि माझी बोटं एकेक करून त्या कमानींवर ठेवली. बरोबर बसली. मला वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं.

"कापसाचं आपन मंग पाहू," ती म्हणाली. "त्या बुढ्याले म्या चार गावात शिव्या देल्या. आता चारी गावात तूच जाशील आन तुह्या तोंडानं सांगशील. म्या संग येते, एक घर सुटू देनार नाही."

आणि तिनं सुटू दिलं नाही.