डेव्हन सरांची भिंत

नकाशावर माणसांची गर्दी दिसली की डेव्हन सरांचं तोंड कडू व्हायचं. त्यांचं खरं आडनाव वेगळं. पण कॅनडाच्या उत्तरेला बर्फात पडलेल्या डेव्हन बेटाबद्दल ते इतकं बोलत, की आम्ही मुलांनी त्यांचं बारसं करून टाकलं. "जगातलं सगळ्यात मोठं निर्मनुष्य बेट! माणसं नेऊन वसवून पाहिली, टिकली नाहीत," हे ते असं सांगत, जणू बेटानं पहिला नंबर काढला.

नकाशाचा प्लॅस्टिकचा साचा दप्तरात सापडला की जप्त. "साच्यानं किनारा काढलास तर खाडी कुठून आत शिरते ते कधी कळणार?" मग डेव्हनचा किनारा हातानं दहा वेळा. पेपरात हे बेट कधीच आलं नाही. आमचे मार्क जायचे, सर मजेत.

निफाडच्या आमच्या शाळेत जिन्यालगतच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं सगळा आर्क्टिक रंगवला होता. निवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा देवळाली कॅम्पहून बसनं येत, उडालेला रंग भरायला. पत्नी वारल्यावर तर त्यांना त्या भिंतीशिवाय कुणी उरलं नव्हतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. तोवर मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालो होतो, त्यांच्याच शब्दावर.

गेल्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष जिन्यात थांबले, भिंतीवरच्या डेव्हनवर बोट ठेवून. "हेडमास्तर, तिथं कोन ऱ्हातं?"

"कुणी नाही, साहेब."

"मंग आपल्या भित्तीवर कशाला? नव्या हॉलच्या उद्घाटनाला पाहुणे येतील. फोटोला जागा करा."

लेखी काही नव्हतं. चार दिवस टाळलं असतं तर ते विसरलेही असते. पण मला खुर्चीची काळजी. पेंटर मीच बोलावला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर आले, हातात रंगाची डबी घेऊन. भिंत पांढरी झाली होती. "वरून लेखी आदेश आला, सर," मी खोटं बोललो.

ते भिंतीजवळ गेले. "खालचा निळा वर येतोय रे. डेव्हनभोवतीचा समुद्र मी तीनदा दिला होता." मग पेंटरकडून ब्रश मागून घेतला आणि तो निळा स्वतःच्या हातानं झाकायला लागले, सावकाश, नीट. "आता पाहुण्यांना दिसणार नाही," म्हणाले. त्यानंतर ते शाळेत कधी आले नाहीत.

तो निळा झाकताना त्यांना थांबवावं असं मला फार वाटलं होतं. पण सकाळी पाहुणे येणार होते. मी पांढऱ्या रंगाचा डबा थोडा वर धरला, सरांना वाकावं लागू नये म्हणून.