तिसरी किक

सांगलीहून निघाले तेव्हा अंगणातल्या पत्र्याच्या शेडला रंग देऊन चार दिवस झाले होते. शेड रिकामी होती. तिच्यात वडिलांची मोटारसायकल आणून उभी करीन आणि मगच गप्प बसेन, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. नवरा म्हणाला, "तुला चालवता येत नाही, गाडी कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि शेड मात्र तयार!" अकरा वर्षांपूर्वी वडील गेले. अंबरनाथचं घर आवरलं, आईला सांगलीला आणलं, आणि त्या धांदलीत गाडी विकून टाकली. ती मीच विकली, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही. एकदा कोणी बोललं असतं तर कदाचित मी इतकी हट्टाला पेटले नसते.

पर्समध्ये गाडीच्या कागदांची झेरॉक्स आणि एक किल्ली होती. विकताना एक किल्ली दिली, दुसरी माझ्याकडे राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली.

कल्याणला उतरले आणि रिक्षाने उल्हासनगर गाठलं. इथे पत्ता सांगताना कोणी रस्त्याचं नाव घेत नाही, कॅम्पचा नंबर सांगतात. 'तीन नंबर', 'पाच नंबर' एवढं म्हटलं की रिक्षा सुटते. माझं कॉलेज इथेच होतं आणि तीन वर्षं मी वडिलांच्या मागे बसून याच रस्त्यांनी आले. तेव्हा रस्ता मोकळा होता असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, तेव्हाही खड्डेच होते. सकाळी उपाशी होते म्हणून एका गाडीवर दाल पकवान (मैद्याची कडक पुरी, सोबत घट्ट चणाडाळ) खाल्लं. चिंचेची चटणी साडीवर सांडली आणि पुढचे दोन दिवस तो डाग मी पदराखाली झाकत हिंडले.

ती गाडी घ्यायला आलेल्या माणसाचं दुकान मला साधारण आठवत होतं. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची ती गल्लीच आहे. हँडल एकीकडे टांगलेली, टाक्या एकीकडे रचलेल्या, सायलेन्सर जमिनीवर आडवे. दुकानाचे मालक किशनदादा गल्ल्यामागे बसले होते. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. मी गाडीचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, अंबरनाथ पश्चिमेची बिल्डिंग सांगितली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायलाच लागले.

"अरे बहेन, तुम्ही ती बाल्कनीवाली! मी खाली घाम गाळतोय, गाडी चालू होईना, आणि तुम्ही वरून ओरडताय, दोन फुकटच्या किका मारा म्हणून!"

ओरडले होते खरी. ती आमच्या घरची पद्धत होती. गाडी जुनी दोन-स्ट्रोक. थंड असली की आधी किल्ली बंद ठेवून दोन कोरड्या किका माराव्या लागत, मग किल्ली फिरवून तिसरी. वडील म्हणायचे, "एक देवाला, एक शेजाऱ्याला, तिसरी आपल्याला." शेजाऱ्याला एवढ्यासाठी की पुढे होणाऱ्या आवाजाची आगाऊ माफी. तिसरी किक मी आठवीत असल्यापासून माझी होती. मी दोन्ही पायांनी किकवर उभी राहायचे, वडील हँडल धरायचे आणि गाडी आधी खोकायची, मग टणटण सुरू व्हायची. कंपनीतल्या सगळ्यांनी नव्या गाड्या घेतल्या तरी वडिलांनी ती बदलली नाही. रविवारी ते कार्ब्युरेटर खोलून आईच्या स्वयंपाकघरातल्या वाटीत पेट्रोल घेऊन धुवायचे आणि मी पॉलिश पेपरने प्लग घासायचे. त्या वाटीत आई पुन्हा कधी काही वाढत नसे.

"गाडी आहे का अजून?" मी विचारलं.

"ती? ती कटिंगला गेली ना," किशनदादा म्हणाले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मला स्टुलाकडे हात करून ते उठले.

मी बसले. इतकी खूश झाले की काय सांगू! गाडी कोणीतरी चालवतंय, आत्ता चहा प्यायला घेऊन गेलंय. या भागात अर्ध्या ग्लास चहाला कटिंग म्हणतात, हे मला सांगायला नको. दादांनी माझ्यासाठीही एक मागवली. मी ती हळूहळू प्यायले आणि रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीकडे बघत राहिले. पंधरा मिनिटं गेली. गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "दादा, कधीपर्यंत येईल?"

"कोण?"

"गाडी. कटिंगला गेलीय ना."

दादांनी चष्मा काढला. "बहेन," ते म्हणाले, "ती कटिंग नाही. गाडी कापली. आमच्या धंद्यात कापायला गेली की कटिंगला गेली बोलतात. चेसिस सडली होती. आठ-नऊ वर्षं झाली."

माझ्या हातात रिकामा ग्लास होता. तो कुठे ठेवायचा ते मला सुचेना. रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दादांना काय करावं कळेना. मग एकदम म्हणाले, "पण इंजिन नाही कापला! असला इंजिन कोण कापेल? अंबरनाथचा रमाकांत मिस्त्री घेऊन गेला. जा त्याच्याकडे. साईं, रडू नका." साईं हा सिंधी माणसाचा आदराचा शब्द. चहा त्यांनी दुसराही पाजला.

अंबरनाथला स्टेशनजवळ रमाकांत मिस्त्रींचं गॅरेज लगेच सापडलं, कारण त्यांना ओळखत नाही असा रिक्षावाला नव्हता. मिस्त्री साठीचे, अंगाने बारीक, बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता गाडीकडे बघणारे. मी झेरॉक्स दाखवली, तर ती त्यांनी बघितलीही नाही.

"नंबर नको मॅडम. इंजिनच्या पोटाला सुपारीएवढा वेल्डिंगचा टाका होता का?"

होता. वडिलांनी कंपनीतल्या वेल्डरकडून मारून घेतला होता. तेल गळायचं थांबलं म्हणून त्या दिवशी घरी जिलेबी आली होती.

"मग तोच. मी दुसऱ्या बॉडीत बसवला. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या बाळारामकडे आहे. गाडी एकदम मस्त चालते." मग ते म्हणाले, "पायजे असंल तर बोला त्याच्याशी. त्याच्या गाडीला दुसरा इंजिन मी लावून देईन. माणूस चांगला आहे, नाय बोलणार नाही."

म्हणजे शेड रिकामी राहणार नव्हती. गाडी नाही तर नाही, इंजिन तरी येईल. ते फळीवर ठेवीन, पुसत जाईन, असं मनात पक्कं झालं. उद्या सकाळी निघायचं ठरलं आणि मी स्टेशनजवळ एका लॉजमध्ये खोली घेतली. संध्याकाळी आमची बिल्डिंग बघायला गेले. तिथे आता वीस-बावीस मजले चढले आहेत आणि आमची बाल्कनी असेल त्या जागी पार्किंगचा उतार आहे. वॉचमनने विचारलं, "किस के यहाँ जाना है?" मला नाव सांगता येईना.

सकाळी मिस्त्रींची स्वतःची स्कूटर सुरू होईना. "मिस्त्रीची गाडी अशीच असते," ते प्लग पुसत म्हणाले. शेवटी निघालो. बदलापूर ओलांडलं, सोनिवलीच्या नव्या इमारती मागे पडल्या आणि एकदम थंडी जाणवायला लागली. भात कापून झालं होतं. रिकाम्या खाचरांत वाल पेरलेला होता, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या (रचलेले ढीग) होत्या, आणि दूर चंदेरीचा सुळका धुक्यातून वर आलेला. या रस्त्याने वडील एकदा मला बारवीचं धरण दाखवायला घेऊन आले होते. येताना पेट्रोल संपलं आणि आम्ही गाडी ढकलत आलो. मला तो दिवस इतका हवाहवासा वाटला की स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग ओशाळून काढून घेतला.

वाडी सात-आठ घरांची. बाळाराम अंगणातच होते, मोटारसायकलच्या मागे भाजीची पाटी बांधत. टाकीला घराच्या दाराचा निळा रंग फासलेला. बॉडी मला अगदी परकी होती. मी वाकले आणि खाली बघितलं. सुपारीएवढा टाका तसाच होता. मी त्याला बोट लावलं.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. बाळारामांच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढे ठेवलं. मी खात होते आणि बाळाराम नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या बापाचा हाय तो, बाय. न्या तुमी. मिस्त्री मना दुसरा बसवंल."

एवढं सोपं झालं. फक्त हो म्हणायचं होतं. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात आतून त्यांची मुलगी आली. सुजाता नाव. नर्सिंग शिकते, अंगावर पांढरा युनिफॉर्म, पाठीला सॅक. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "बाबा, उशीर होतोय," ती म्हणाली आणि नेहमीच्या सवयीने गाडीजवळ येऊन उभी राहिली.

बाळारामांनी माझ्याकडे बघितलं आणि संकोचाने म्हणाले, "हिला सोडून येतो, मग खोलू. थंडीचा जरा वेळ लागतो. दोन कोरड्या माराया लागतात." आणि माझ्याकडे न बघता, रोज बोलतात तसं बोलले, "एक देवाला, एक शेजाऱ्याला, तिसरी आपल्याला."

मी मिस्त्रींकडे वळले. ते म्हणाले, "तुम्ही बाल्कनीतून ओरडलात ते सगळं किशनदादाने मला सांगितलेलं, मी याला सांगितलं. इंजिनबरोबर सांगावंच लागतं ते."

वडील गेल्यापासून ते शब्द मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. मी म्हटलं, "मी मारू?" बाळारामांनी हँडल धरलं. वडील धरायचे तसंच, दोन्ही हातांनी. पदर खोचला, चटणीचा डाग सगळ्यांना दिसला, आणि मी पहिली किक मारली. मग दुसरी. इंजिनची ती खालून येणारी अडवणूक पायाला लगेच ओळखू आली. बाळारामांनी किल्ली फिरवली.

तिसरीला मी पाय खाली घेतला.

"तिसरी कोण मारतं रोज?" मी विचारलं.

"मीच," सुजाता म्हणाली.

"मग मार."

तिने मारली. गाडी आधी खोकली, मग टणटण सुरू झाली, निळा धूर अंगणभर पसरला. बापलेक वळणापर्यंत दिसत होते. आवाज त्यानंतरही बराच वेळ येत राहिला. मिस्त्रींनी पाने-पक्कड काढले नाहीत. मी त्यांना म्हटलं, चला.

सांगलीला पोचले तर आई दारातच होती. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "चालू होते का अजून?" एवढंच विचारलं.

"होते. तिसऱ्या किकला."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

किल्ली मी शेडमध्ये खिळ्याला अडकवली. ती आता कशालाच लागत नाही. रोज सकाळी, सुजाता कॉलेजला निघते त्या वेळेला, मी तिथे जाऊन उभी राहते. बारवीकडच्या त्या वाडीतला आवाज सांगलीत ऐकू येत नाही, हे मला कळतं. तरी पहिल्या दोन किकांपुरती मी थांबते, आणि तिसरी तिची म्हणून घरात येते.