मुकादमाचा खाडा

पहाटे चूल पेटली की पहिली भाकरी तव्यावरून उतरायची. बायनाबाई तिचा चतकोर मोडून ठेवायच्या. मग आढ्याला खोचलेला कोयता काढायच्या, डोक्याला रुमाल बांधायच्या आणि ऊस तोडायला निघाल्यासारख्या दारात उभ्या राहायच्या. जायचं कुठंच नसायचं. दाराजवळ पोत्यावर पडलेला म्हातारा कुत्रा कोयत्याच्या आवाजानं कान हलवायचा, पुढचे पाय रोवायचा, मागचे फरफटत जवळ आणायचा आणि थरथरत उभा राहायचा.

“उठला ग, सुभद्रे,” त्या आत सुनेला सांगायच्या. “अजून हाय त्याच्यात.”

कोयता परत आढ्याला जायचा आणि चतकोर कुत्र्यापुढं.

कुत्र्याचं नाव मुकादम. चौदा वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर तो पिल्लू म्हणून त्यांच्या बैलगाडीखाली शिरला आणि तिथंच राहिला. पहाटे चारला पाचटाच्या एकेका कोपीसमोर, झोपडीसमोर भुंकून टोळीला उठवायचा. खरा मुकादम त्याच्यानंतर यायचा. बायनाबाईंचे यजमान शहादेव म्हणायचे, “ह्यो मुकादम बरा. शिव्या देतो, पर त्या कळत न्हाईत.”

शिरूर कासारकडच्या त्यांच्या गावातली निम्मी घरं दसऱ्यानंतर कुलुपं लावून ऊसतोडीला जायची. तीस वर्षं त्यात बायनाबाईंचं घर होतं. २०१८ च्या त्या कोरड्या सालात मात्र ते पहिल्यांदाच उघडं राहणार होतं. बाजरी कणसाला आलीच नव्हती, त्यामुळे टोळ्या उलट जास्तच निघणार होत्या. पण गावातल्या बायांच्या दूध सोसायटीनं सभासदांच्या गायींसाठी मुरघास, म्हणजे मुरवलेला चारा, आणायचं कबूल केलं होतं. बायनाबाईंच्या गोठ्यात दोन गायी होत्या. मुलगा बंकट सोसायटीचे कॅन मोटारसायकलवर शिरूरला पोचवू लागला होता. सुभद्राची मुलगी यंदा दिवाळीनंतरही त्याच शाळेत, त्याच बाकावर बसणार होती.

सोसायटीचे डॉक्टर उत्तरेश्वर दर मंगळवारी गायी बघायला यायचे. एका मंगळवारी त्यांनी मुकादमाचं पोटही चाचपलं आणि हात धुताना म्हणाले, “गाठ हाय, बायनाबाई. लई वाढली. औषधानं आता कमी व्हायची न्हाई.”

“मग?”

“इंजेक्शन हाय. आधी झोप येती, मग झोपेतच जातो. त्याला तरास न्हाई.”

“कधी द्यायचं?”

“ते तुमी ठरवा. बोलवलं की येतो.”

सुभद्रानं चहा आणला तर डॉक्टरांनी कप परत केला. त्यांना साखर वर्ज्य होती.

“जलम उसात गेला,” बायनाबाई म्हणाल्या, “आन पाव्हण्याला बिनसाखरेचा चहा. लोक काय म्हणतील आमाला?”

हसल्या खऱ्या, पण ‘तुमी ठरवा’ हे दोन शब्द घरात राहिले. ठरवायचं कसं? टोळीत थकलेल्या बैलाची पारख करायची एक रीत होती. सकाळी जू त्याच्यासमोर धरायचं. बैल आपणहून मान खाली घालून आला तर त्याच्यात दम आहे. नाही आला तर त्याला गाडीला जुंपायचं नाही, कुणी कितीही घाई करो. बायनाबाईंनी तीच रीत मुकादमाला लावली. जू नव्हतं, कोयता होता. ज्या दिवशी तो कोयता बघून उठणार नाही, त्या दिवशी डॉक्टरला बोलवायचं.

सुभद्राला हे पटायचं नाही. “आत्याबाई, कण्हत असतो हो तो. अंग चाटायला मान वळवतो आन मधीच सोडून देतो.”

“मग उठतो कावून?”

तो उठायचा हे खरंच होतं.

टोळी निघाली त्या सकाळी वेशीपाशी ट्रॅक्टर उभे होते. पेट्या, घमेली, कोंबड्या, वर माणसं. शेजारची जानकीबाई ट्रॉलीतून ओरडली, “बायनाबाई, तुमी न्हाई तर मुकादमाला तरी द्या. आमची हजेरी कोण घ्यायचं?”

“ने की. पर उचलून वर घ्यावं लागंल. सायेब झालाय आता.”

सगळे हसले. ट्रॅक्टर सुरू झाले. बायनाबाई क्षणभर नुसत्याच उभ्या राहिल्या. पायांना निघायची सवय होती. मग धारेची आठवण झाली आणि त्या मागच्या बोळानं गोठ्याकडे वळल्या.

धार काढून घरात आल्या तेव्हा पोतं रिकामं होतं. चतकोर तसाच होता.

मुकादम सापडला तो वेशीच्याही पुढं, जिथं मुरूम संपून डांबर सुरू होतं तिथं. त्याच्या मागं मुरमावर फरफटल्याची लांब रेघ होती. मागच्या दोन्ही पायांची कातडी सोलवटली होती. ट्रॅक्टरचा धुरळा केव्हाच खाली बसला होता, तरी त्याचं तोंड तिकडंच होतं. बायनाबाईंना बघून त्यानं शेपूट दोनदा हलवलं आणि पुन्हा पुढचे पाय रोवायला लागला.

त्या त्याच्याजवळ रस्त्यावरच बसल्या.

नऊ वर्षांपूर्वी कोपीत शहादेवांना ताप भरला होता. तोडीच्या दिवसांत एक दिवस चुकला की खाडा धरून मजुरी कापायचे, त्यामुळे कुणी पडून राहायचं नाही. रोज पहाटे त्या विचारायच्या, “उठता का?” आणि ते उठायचे, रुमाल बांधायचे, कोयता घ्यायचे. बारा दिवस उठले; तेराव्या पहाटे गेले. बारा दिवस बायनाबाईंनी त्यांच्या उठण्याला बरं वाटणं समजलं होतं.

“नको उठू, बाबा,” त्या कुत्र्याला म्हणाल्या आणि त्याचे रोवलेले पाय एकेक करून आडवे केले. “चुकलंच माझं. तुला विचारायचं न्हवतंच.”

सुभद्रा पोतं घेऊन धावत आली. दोघींनी चार कोपरे धरून त्याला उचललं.

“डॉक्टरला फोन लाव,” बायनाबाई चालता चालता म्हणाल्या.

“मंगळवारी या म्हणू?”

“आज.”

घरी आल्यावर त्यांनी आढ्याचा कोयता काढला. मुकादमानं कान हलवले. त्यांनी कोयता पदराआड धरला आणि सुनेकडे दिला. “ह्यो गोठ्यात ठेव. कडबा तोडायला होईल.”

दुपारी डॉक्टर आले. गोठ्याच्या सावलीत मुकादमाला ओल्या पोत्यावर ठेवलं होतं. बायनाबाईंनी चतकोर दुधात कुस्करला होता. त्यानं दूध चाटलं, भाकरी ठेवली. बंकट बाहेर कॅन चढवत होता. झाकण वाजलं तशी मुकादमाची मान उचलली गेली. बायनाबाईंनी तिच्यावर हात ठेवला. जोर नाही लावला, नुसता ठेवला.

“निज,” त्या म्हणाल्या. “आज खाडा झाला तरी चालंल.”

पहिल्या सुईनं त्याला झोप लागली. कितीतरी दिवसांत त्याचा श्वास असा सरळ चालला नव्हता. सुभद्राला ते कळलं, तिनं सासूकडे पाहिलं. दुसऱ्या सुईनंतर डॉक्टरांनी बराच वेळ नळी कानाला लावून ठेवली आणि मग काढली.

बंकटनं गोठ्यामागं खड्डा घेतला. नात शाळेतून आली, तिनं सगळं विचारून घेतलं आणि आजीच्या बरोबरीनं माती लोटली. मुरघासाच्या गोण्या भिंतीला लागून रचलेल्या होत्या, त्यांचा आंबूस वास येत होता. आत गायी हंबरायला लागल्या. संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती.

बायनाबाईंनी हात धुतले, दुधाची कासांडी उचलली. डॉक्टर पिशवी आवरून निघायच्या बेतात होते.

“बसा, डॉक्टरसायेब,” त्या गोठ्याच्या दारातून म्हणाल्या. “सुभद्रे, चहा टाक. एका कपात साखर घालू नको.”