फॉरमॅटमास्तरांचा पासवर्ड

चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान लागतं. मालकाचं खरं नाव कुणी घेत नाही. सगळे त्यांना फॉरमॅटमास्तर म्हणतात, अर्थात पाठीमागे. मशीन हळू चालतंय? फॉरमॅट. प्रिंटर कुरकुरतोय? फॉरमॅट. एखाद्याच्या माऊसची वायर तुटली असती, तरी या गृहस्थांनी आधी सगळं पुसून टाकलं असतं आणि मग वायरकडे बघितलं असतं.

आणि तोरा काय विचारता! गिऱ्हाईक समोर बसलं की मास्तर खुर्ची अर्धी वळवून स्क्रीनशी बोलत. "पासवर्ड?" गिऱ्हाईक आठवायला लागलं की यांचा एक ठरलेला सुस्कारा. "एवढं साधं कसं विसरता हो तुम्ही?" म्हाताऱ्यांना बोलले, बायकांना बोलले, एका निवृत्त न्यायाधीशालासुद्धा बोलले. लोकांच्या डोक्यात भुसा भरलाय आणि आपल्या डोक्यात तेवढा मेंदू, अशी या माणसाची पक्की खात्री होती.

लोकांवर भरवसा नाही म्हणून त्यांनी एक शहाणपणा करून ठेवला होता. कुणीही सॉफ्टवेअर विकत घेतलं की त्याची नोंदणी गिऱ्हाइकाच्या ईमेलवर करायचीच नाही, दुकानाच्या ईमेलवर करायची. सगळ्यांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला, आणि खिळा मास्तरांचा.

त्या शुक्रवारी भर दुपारी शाळेतल्या संगीताच्या बाई मशीन घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पाच वाजता चाळीस मुलींचं नृत्यनाट्य होतं. त्याचं अठरा मिनिटांचं संगीत बाईंनी तीन महिने खपून घरीच केलेलं. सकाळपासून त्यातली व्हायोलिनं मात्र वाजत नव्हती.

"फाइल वेगळ्या ड्राइव्हवर आहे ना? मग काळजी सोडा," मास्तर म्हणाले आणि बाईंचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत मशीन पुसून मोकळे झाले.

दोन तासांनी संगीताचं सॉफ्टवेअर पुन्हा चढलं. उघडलं, आणि पहिल्याच खिडकीत अडून बसलं. हा परवाना दोन मशीनवर वापरला गेला आहे, तिसऱ्यावर चालणार नाही. वास्तविक मशीन तेच होतं. पण पुसण्याआधी जुना परवाना सोडवून घ्यावा लागतो, नाहीतर सॉफ्टवेअरला ते नवंच मशीन वाटतं. मास्तरांनी तो सोडवलाच नव्हता. मागच्या वर्षीही नव्हता सोडवला.

"यांच्या कंपनीचा मूर्खपणा," मास्तर बाईंना म्हणाले.

आता कंपनीच्या साइटवरून जुनी नोंद काढायची, तर बाईंची नोंदणी ज्यावर केली होती, त्या दुकानाच्या जुन्या ईमेलवर येणारा पडताळणीचा आकडा हवा. तो ईमेल उघडायला पासवर्ड हवा. आणि पासवर्ड, अहो आश्चर्य, मास्तरांना आठवेना! तो दुकानाच्या कॉम्प्युटरलाच पाठ होता. पण दिवाळं निघायचं तर पुरतंच निघतं: मास्तरांनी गेल्या वर्षी स्वतःचं मशीनही फॉरमॅट केलं होतं.

त्यांनी एक घालून बघितला, दुसरा घातला, तिसरा घातला. मग स्क्रीनवर लाल ओळ उमटली: आता एकच संधी, चुकलात तर खातं दोन दिवस बंद.

"उद्या पाचला पोरी उभ्या राहणार आहेत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण हात पर्सच्या पट्ट्याला घट्ट धरून होते. "त्यांना मी काय सांगू?"

आता उपाय एकच होता, आणि तो मास्तरांच्या घशाखाली उतरत नव्हता.

दुकान मुळात दोघा भावांचं. थोरला दादा शेजारच्या टेबलाशी बसायचा. हाताने संथ, पण प्रत्येक मशीनची प्रत्येक गोष्ट निळ्या वहीत लिहायचा. मास्तर त्या वहीला पोथी म्हणायचे आणि गिऱ्हाइकांना हसवायचे. चार वर्षांपूर्वी दादा वही उचलून निघून गेला. मास्तर तेव्हा म्हणाले होते, "ब्याद गेली."

आता त्यांनी त्या ब्यादेलाच फोन लावला. एका हाताने कीबोर्ड, दुसऱ्या हाताने माऊस, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"दादा, मी बोलतोय. जुन्या ईमेलचा पासवर्ड आहे का रे तुझ्याकडे?"

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"आहे," दादा म्हणाला. "तू शेवटी बदलला होतास तो. मी तिसऱ्यांदा विचारलं म्हणून चिडला होतास. दोन गिऱ्हाइकं बसली होती. तू म्हणालास, लिही."

मास्तरांना तेव्हा आठवलं. झटकन हात फोनकडे गेला, पण उशीर झाला होता.

"सगळी इंग्रजी छोटी अक्षरं, मधे जागा नाही," दादा सावकाश वाचत होता, जसा पूर्वी वाचायचा तसाच. "दादा मठ्ठ आहे. पुढे एक, दोन, तीन."

बाईंनी मान खाली घातली. मास्तरांनी एकेक अक्षर टाइप केलं. ईमेल उघडला.

"लागला का?" दादाने विचारलं.

"लागला."

"मग कागदावर लिहून ठेव. पुन्हा विसरशील." आणि फोन ठेवला.

मास्तरांनी टेबल चाचपलं. पेन कुठे होतं? दुकानात पेन दादाच आणायचा. बाईंनी पर्समधून आपलं काढून पुढे सरकवलं.

दहा मिनिटांत परवाना सुटला, संगीत उघडलं. व्हायोलिनं मात्र अजून गप्पच. बाई वाकून बघायला लागल्या. स्क्रीनवर व्हायोलिनच्या ओळीत आवाज बंद करायचं एक लहानसं बटण असतं, ते दाबलेलं होतं. सकाळी त्यांच्याच हातून चुकून दाबलं गेलं असणार. त्यांनी ते सोडलं आणि खोलीभर व्हायोलिनं वाजली. फॉरमॅटची गरजच नव्हती.

मास्तरांच्या ओठांवर ते ठरलेलं वाक्य आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते गिळलं.

बाईंनी मशीन पिशवीत घातलं, पेन उचललं आणि दारात थांबल्या.

"तुमचे दादा आता कुठे बसतात हो? पुढच्या वेळी त्यांच्याकडेच नेईन म्हणते."

मास्तरांना माहीत नव्हतं. चार वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.