मीटर खोटं दाखवतोय

माझी सगळी नोकरी नागोठण्याजवळच्या एका कंपनीत मीटर दुरुस्त करण्यात गेली. काटा लाल रेषेकडे सरकला की ऑपरेटर लोक आधी काचेवर नखाने टकटक करायचे आणि मग मला फोन करायचे, "मीटर खोटं दाखवतोय." माझं डोकंच फिरायचं. बहुतेक वेळा मीटर बिचारा खरं सांगत असायचा, आत टाकीच तापलेली असायची.

निवृत्त झाल्यापासून मी अधूनमधून पेणहून रोह्याला बहिणीकडे सायकलने जातो. हँडलवर एक जुना सायकल कॉम्प्युटर आहे. घरात त्यालाही आम्ही मीटरच म्हणतो. तो वेग दाखवतो आणि छातीला पट्टा बांधला तर हृदयाचे ठोकेही.

गेल्या थंडीत नागोठणं मागे टाकून मी रमतगमत चाललो होतो. रस्ता सपाट, वारा पाठीमागून. आणि ठोक्यांचा आकडा एकदम एकशे शहात्तरवर गेला. मी उतरून उभा राहिलो तरी तो खाली येईना. छातीत दुखत नव्हतं, आत नुसतं काहीतरी फडफडत होतं. वर पाहिलं तर विजेच्या मोठ्या तारा. ह्यांच्यामुळेच मीटर भरकटतोय, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. बहिणीला काही बोललो नाही, पण परत येताना सायकल टेम्पोत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हटलं, मीटर बिघडलाय, नवीनच घ्यावा लागणार. तरी आधी घरात खुर्चीवर बसून दुरुस्ती काढली. मीटरचा आणि पट्ट्याचा सेल बदलला. गंजलेले पॉइंट खोडरबराने घासले. पट्टा पाण्याने ओला करून घट्ट बांधला. बहात्तर, पंचाहत्तर, आणि मग एकशे अडुसष्ट. इथे तर डोक्यावर तारा नव्हत्या, नुसता पंखा होता, तोही बंद.

आता एकच तपासणी उरली होती. कंपनीत सेन्सरची शंका आली की आम्ही तो दुसऱ्या, धडधाकट लाइनवर लावून बघायचो. घरात दुसरी लाइन एकच होती आणि ती भाकऱ्या थापत होती.

"अगो, हा पट्टा जरा बांधतेस?"

"आता? माझे हात पिठाचे हायत!" बायको म्हणाली. पण आली, हात धुऊन पट्टा बांधून समोर बसली.

मीटर बिघडलेलाच निघू दे, म्हणून मी देवाला विनवत होतो. असलं मागणं मी जन्मात कधी मागितलं नव्हतं. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. आकडा जागचा हलेना.

"बघा, झाला ना बरा!" ती खूश झाली. "उगाच नवीन घ्यायला निघाला होतात."

मी पट्टा पुन्हा माझ्या छातीला बांधला. ती कौतुकाने मीटरवर वाकली. अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, एकशे चौसष्ट. तिने आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचं हसू गेलं.

"मीटर खोटं दाखवतोय," मी म्हणालो. माझं नख काचेवर टकटक करत होतं.

तिने माझं बोट धरून बाजूला केलं.

"नाय," ती म्हणाली. "शर्ट घाला. दवाखान्यात जाऊ."