निळे दाणे

पदक-समारंभाच्या आदल्या सकाळी दिल्ली छावणीतल्या आमच्या शेजारणीने हवालदार नवऱ्याची ट्रंक उघडली. पावसाळी ओलीने आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या कित्येक गणवेशांना बुरशी आली होती. ती मात्र ओल शोषणारे निळे दाणे कापडी पुरचुंडीत बांधून कपड्यांत ठेवते. ते गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करते.

“वहिनी, नवे घ्या की,” मी एकदा म्हटले होते.

“कशाला? हे अजून रिटायर झालेत कुठं?”

त्या सकाळी हवालदारांनी ट्रंकेतून काढलेला गणवेश नाकाशी धरला. “बिल्कुल कोरडा!”

“मग? मी काय नुसत्या पोळ्याच भाजते?”

दुसऱ्या दिवशी त्याच गणवेशावर हवालदारांचे पदक लागले.