मेलेल्याचा डोळा आणि राजुऱ्याचे भाऊ

मी तेव्हा गोंडपिपरीच्या शाळेत शिकवत होते. सिंदेवाहीजवळ आमच्या गावी धान कापताना बाबांच्या डाव्या डोळ्याला धानाचं पातं लागलं. उजवा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. आईनं कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या दुखऱ्या डोळ्यात पाला पिळला आणि महिन्याभरात बुबुळावर पांढरं फूल पडलं. बाबा हात धरून चालू लागले.

चांद्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरचा पडदा काढून यांना बसवता येईल. पण डोळा कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि मिळाला की घाई करावी लागते. तुमच्या गावात फोन नाही. इथंच राहा."

"म्हणजे कोणी मराची वाट पाहाची?" बाबांनी विचारलं.

"तसं नाही, बाबा," मी म्हटलं. पण तसंच होतं. मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला.

शेजारच्या खाटेवर राजुऱ्याचे एक म्हातारे होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. दोन दिवसांत दोघांची गट्टी जमली. एकदा गप्पांच्या भरात ते म्हणाले, "घाबरू नोका भाऊ. मी मेलो त माहे डोळे तुमचे."

"तुमचेच खराब, तेच मले देता काय?"

डॉक्टर नेमके तिथेच उभे होते. "तसं काही नसतं. मोतीबिंदू आत असतो. वरचा पडदा यांचा एकदम झकास आहे."

झालं! त्यानंतर म्हातारे खोकले की बाबा उठून बसत. "काऊन भाऊ, बरं नाई वाटून राह्यलं काय?" बाबा काळजीनंच विचारत, पण ती काळजी म्हाताऱ्यांना सोसवेना. आईनं घरून आणलेलं लाखोळीच्या डाळीचं वरण दिलं, तर पोट बिघडल्याचं सांगून त्यांनी वाटी परत केली. शेवटी सोबतीला असलेल्या आपल्या सुनेला म्हणाले, "माही खाट तिकडं सरकव. हा मानूस माहा श्वास मोजून राह्यला."

बाबांना ते लागलं. पाठ फिरवून झोपले. म्हातारे खोकले, शिंकले, कण्हले, पण हे गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारेच कळवळून म्हणाले, "भाऊ, आता विचारत बी नाई काय?"

घरी जाताना त्यांनी बाबांचा हात धरला. "राग नोका मानू. माहे डोळे मलेच अजून काई साल लागतीन."

"शंभर साल वापरा," बाबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सिस्टर धावत आल्या. सकाळी चांद्यातलीच एक म्हातारी वारली होती आणि तिच्या मुलांनी डोळे दिले होते. मी सही केली. बाबा मात्र खाटेवरून उठेनात.

"तिच्या घरी आज रडून राह्यले असतीन. अन मी खुश होऊ?"

आई म्हणाली, "खुश नोका होऊ. पण डोळा घ्या. घरचा पसारा चार महिन्यांपासून मी एकलीच पाहून राह्यली."

पट्टी उघडली तेव्हा बाबांनी बराच वेळ डोळा किलकिला केला. मग आईकडे पाहून म्हणाले, "चार महिन्यांत इतकी म्हातारी कशी झाली वं?"

"सिस्टरबाई," आई म्हणाली, "पट्टी लावा परत."

मी हसता हसता रडायला लागले, तर सिस्टर मलाच ओरडल्या.

टाके निघायला वर्ष गेलं. नजर पूर्वीसारखी झाली नाही, पण बाबा शेताच्या धुऱ्यावरून एकटे चालू लागले. तपासणीला गेले की ते त्या बाईचं नाव विचारत आणि डॉक्टर सांगायला नकार देत. एकदा बाबांनी घरच्या तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली.

"तिच्या पोराईले द्या. कोणाचे हायत ते सांगू नोका."

डॉक्टरांनी पिशवी ठेवून घेतली. तांदूळ कुठे पोचले, ते आम्हाला कधी कळलं नाही.